रविनाच्या अंगणातलं कीर्तन

असे दाराशी का बसलात? आत या, सतरंजी पुढे ओढा. माझा आवाज आता फार लांब जात नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाहीच. मी कुणी महाराज नव्हे. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढली आणि जिथं कीर्तन तिथं पहिल्या रांगेत जाऊन बसले, एवढंच माझं आयुष्य. पण एका बाईच्या तापासाठी भर दुपारी तिच्या अंगणात उभं राहिलेलं कीर्तन मी या डोळ्यांनी पाहिलंय. ते सांगते. जवळ बसून ऐका.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला. कार्तिकात भात झोडून झालं की तेच खळं शेणानं सारवून त्यावर ताडपत्रीचा मांडव घालतो आणि सात दिवस हरिनाम बसवतो. पाडा लहान, म्हणून सातही दिवस महाराज एकच. पहिल्या दिवशी खळ्याच्या मधोमध एक काळी घोंगडी अंथरतात. महाराज तिच्यावर उभे राहून कीर्तन करतात. ती गादी. घोंगडीवरून खाली उतरले की महाराज आपल्यासारखेच. भाकरी खाणार, थट्टा करणार, त्यांचं म्हणणं कुणी ऐकेल, कुणी नाही. पण गादीवर उभं राहून बोललेला शब्द माणसाचा नाही, देवाचा. आमच्याकडे लहान पोरंसुद्धा हा फरक जाणतात.

गेल्या वर्षी दाभोश्याचे उमेश महाराज आले होते. वय तिशीच्या आत, आश्रमशाळेत शिकवतात. गळा असा, की ऐकताना हातातलं काम हातातच राहावं.

आता रविनाचं सांगते. रविना म्हणजे पुतळीबाईची सून. नवरा विनोद बोईसरला कामाला, महिन्यातून दोनदा घरी येतो. थोरली मुलगी प्रतिक्षा, सहा वर्षांची. तीन वर्षं ती माझ्या अंगणवाडीत होती. हाक मारली तर बघायची नाही, पण चिंचोक्यांची रांग लावायला बसली की दारापासून हांड्यापर्यंत लावायची आणि एक जरी कुणी हलवला तर तिला कळायचं. बोलते थोडं. आजीच्या लुगड्याचा वास घेतल्याशिवाय झोपत नाही. मोठा आवाज मात्र तिला सोसत नाही, कान दाबून किंचाळते. आमच्या चंदाची गिरणी आहे. प्रतिक्षा वाटेनं येताना दिसली की चंदा पट्टा थांबवते. दळण टाकून बसलेल्या बाया कुरकुरतात, तेव्हा चंदा म्हणते, "तुमची घाई सरकवा बाजूला, माझी मैतरीण चाललीय."

जव्हारला शिबिर झालं तिथं डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूल स्वमग्न आहे. तोवर ती आमची प्रतिक्षा होती, आणि कशामुळे अशी, हे कुणी विचारलं नव्हतं. नाव मिळालं आणि कारण शोधायला सगळा तालुका उठला.

खोडाळ्याच्या बाजारातून जीपनं येत होतो. रविना पुढे बसलेली, मांडीवर प्रतिक्षा, आणि मागे आम्ही अकरा जण. एक जण म्हणाला, हे सगळं युरियाचं, आपण आता विषच खातो. दुसरा म्हणाला, टॉवर उभा राहिला त्याच वर्षी ही जन्मली, बघा. एका बाईनं, आईनं ग्रहणात विळी धरली असणार, असं काढलं. एक शिकलेला पोरगा लशीबद्दल काहीतरी सांगायला लागला. "मोबाइलवर आलंय," म्हणाला. रविना समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. पोटात दुसरं मूल, नुकतं दिसायला लागलेलं.

शेवटी जीपवालाच मागे वळून ओरडला, "अरे, ही पोटात असताना रविनाताई माझ्याच जीपनं मोखाड्याला जायची. रस्ता कसला आहे, बघताय ना? मग माझंच नाव लिहा, आणि आता गप बसा!"

सगळे हसले. रविनासुद्धा हसली. पण घरापाशी उतरताना मला म्हणाली, "बाई, तुम्ही पोरं सांभाळली. तुम्हाला काय वाटतं, कशानं झालं?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत गं."

आता वाटतं, तेव्हा थोडं थांबून बोलायला हवं होतं. पिशव्या जड होत्या, मी चालू लागले.

मग फोनवर तो व्हिडिओ फिरायला लागला. सातासमुद्रापलीकडचा कुणी मोठा माणूस सांगतोय की गरोदरपणी बायांनी तापाची गोळी घेतली म्हणून अशी मुलं होतात. खाली मराठीत लिहिलेलं, मागे रडकं संगीत. आमच्या पाड्यावर रेंज फक्त खळ्याच्या बांधावर येते, तरी तो व्हिडिओ घराघरांत पोचला.

रविनाला प्रतिक्षाच्या वेळी ताप आला होता. गोळ्या दिल्या होत्या सुनितानं. सुनिता आमची आशाताई आणि विनोदची चुलत बहीण, म्हणजे रविनाची नणंद. दोघींचं फार गूळपीठ. पण व्हिडिओ आला आणि रविना सुनिताशी बोलेनाशी झाली. सुनिता वजन करायला गेली की रविना म्हणायची, "केलंय." लोहाच्या गोळ्या द्यायला गेली की, "आहेत." सुनिता पायरीपर्यंत जायची आणि परत यायची.

तशात सप्ताह आला. तिसऱ्या दिवशीचं कीर्तन ऐन रंगात होतं. उमेश महाराज सांगत होते की माणसाला जरा दुखलं की तो नाम सोडून बाहेरच्या उपायामागे धावतो. आणि ओघात त्यांनी दृष्टांत दिला तो त्याच व्हिडिओचा! म्हणाले, "माय-माउल्यांनो, साध्या तापाला गोळी घेतलीत आणि पोटातलं लेकरू आयुष्यभरासाठी मुकं करून बसलात. जग आता हेच सांगतंय. थोडं सोसा. नाम घ्या, सोसा."

काय गोड चालीत म्हणाले! बाया हळहळल्या. मी पहिल्या रांगेत होते, मीही मान डोलावली. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण डोलावली, हे खरं. नंतर मागे वळून पाहिलं तर रविना खांबाला टेकून बसलेली, पदर तोंडात दाबलेला. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि तरी तिला वाटत होतं की सगळा मांडव तिच्याकडेच बघतोय.

सहाव्या दिवशी सकाळी सुनिता धावत माझ्याकडे आली. चपला हातात, धाप लागलेली.

"बाई, रविनाला कालपासून ताप हाय. आत्ता एकशे तीन. सहावा महिना चालू हाय तिचा. गोळी घेत नाय."

"जीप बोलव, दवाखान्यात ने."

"जीप बोलवली. चढत नाय. म्हणते, तिथं पण तीच गोळी देतील. पुतळीकाकी पाया पडली तिच्या. ऐकत नाय." मग सुनिता माझ्या पायरीवर बसली आणि एकदम रडायला लागली. "बाई, त्या वेळच्या गोळ्या मीच दिल्या ना. माझ्यानंच झाली असेल का प्रतिक्षा अशी? तुम्ही खरं सांगा."

सात वर्षं पाड्यावरच्या प्रत्येक बाळंतपणाला चालत गेलेली ही बाई. पुरात ओढा ओलांडून गेलेली. आणि ती मला हे विचारत होती. या वेळी मी चालू लागले नाही. तिचा हात धरला आणि म्हटलं, "ऊठ. ज्यानं आग लावली त्यालाच पाणी आणायला लावू."

उमेश महाराज रघुबाबांच्या ओटीवर नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी जेवत होते. रघुबाबा आमच्या मंडळाचे म्हातारे, सत्तरी पार केलेले, सप्ताहात त्यांच्या परवानगीशिवाय समईची वातसुद्धा हलत नाही. मी सगळं सांगितलं. महाराजांचा घास हातातच राहिला.

"पण बाई, ते तर मी..."

"तुम्ही कुठून घेतलंत ते?"

"फोनवर आलं होतं."

"कुणाला विचारलंत?"

 महाराज ताटाला नमस्कार करून उठले आणि म्हणाले, "सुनिताताई, तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

आम्ही तिघं बांधावर गेलो. फोन लागला. डॉक्टरीणबाईंनी आधी महाराजांना असं झाडलं की त्यांनी तेवढा वेळ डोक्यावरचं उपरणं काढून हातात धरलं. मग शांतपणे सांगितलं. मूल असं होण्याचं कारण एक नाही. बरंचसं जन्माच्याही आधी, रक्तातूनच ठरून येतं, डोळ्यांचा रंग येतो तसं. त्यात कुणाचा गुन्हा नसतो. बरंच अजून मोठ्या मोठ्या डॉक्टरांनाही कळलेलं नाही, शोध चालू आहे, वाद चालू आहेत. त्या गोळीनं असं होतं, हे सिद्ध झालेलं नाही. लशीनं होत नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे. आणि अंगात एवढा ताप राहिला तर बाळाला धोका असतो, हेही नक्की. "गोळी द्या, अंग पुसा आणि तासाभरात इकडे आणा. ताप कशाचा आहे ते मला बघू दे."

महाराज तसेच रविनाच्या घरी गेले. ती पडवीत खाटेवर पडलेली, डोळे लाल, ओठ सुकलेले. पुतळीबाई कपाळावर ओला फडका ठेवत होती. प्रतिक्षा खाटेखाली बसून चिंचोके मांडत होती. महाराज खाटेशी खाली बसले.

"ताई, माझं चुकलं. मी न विचारता बोललो. गोळी घ्या."

रविनानं त्यांच्याकडे पाहिलं. तापातही तिनं हात जोडले. पण म्हणाली, "नाय महाराज. तुम्ही चांगले, म्हणून आलात. आमच्या ह्या आयनं बोलावलं असेल, सुनिताताय रडली असेल. तुम्हाला दया आली. हे तुम्ही खाली बसून बोलताय. ते गादीवरून बोललात. मी ह्याचं ऐकू का त्याचं?"

  पुतळीबाई म्हणाली, "बरोबर बोलली. गादीवरचं गादीवरच फिटतं."

"संध्याकाळी कीर्तनात सांगतो," महाराज म्हणाले.

सुनितानं रविनाच्या काखेतला थर्मामीटर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. संध्याकाळची वाट बघायला वेळ नव्हता. रविनाला खळ्यावर नेणंही शक्य नव्हतं, उठून बसली तरी तिला चक्कर येत होती.

मग उरलं एकच. आम्ही रघुबाबांकडे परत.

"काय?" रघुबाबा उठून उभेच राहिले. "गादी हलवायची? पहिल्या दिवशी अंथरली की काल्याशिवाय उचलायची नाही. माझ्या बापानं नाही उचलली. एका साली मांडव उडून गेला, तरी नाही उचलली!"

"बाबा," मी म्हटलं, "मांडव उडाला तेव्हा गादीच्या शब्दात कुणी बाईमाणूस अडकलं नव्हतं."

"बाई, तुम्ही कीर्तनं ऐकून ऐकून फार बोलायला लागलात."

"मग काय, तुमच्याच मंडळाची कीर्तनं ना?"

रघुबाबा खळ्याकडे बघत राहिले. मांडवात विण्याचा पहारा चालू होता. सात दिवस विणा खाली ठेवायचा नसतो, आळीपाळीनं कुणीतरी तो गळ्यात घालून नाम घेत उभा असतो. त्या वेळी उभा होता तो माणूस नाम घेता घेता कान आमच्याकडेच लावून होता. रघुबाबांनी चपला काढल्या, मांडवात गेले, देवाच्या तसबिरीसमोर वाकले आणि काय पुटपुटले ते देवालाच ठाऊक. मग स्वतः घोंगडीच्या चारी कडा उचलल्या, झटकली, घडी घातली आणि डोक्यावर घेतली. आम्ही हात पुढे केला तर म्हणाले, "कुणी शिवू नका. देव इथं विण्यापाशी थांबलाय. गादी जाऊन येईल."

भर दुपारी, डोक्यावर घोंगडी घेतलेला सत्तरीचा म्हातारा पुढे आणि मागे फेटा बांधत चाललेले महाराज. गिरणीतून चंदा धावत बाहेर आली. "काय झालं, काय झालं?" म्हणत पिठाचे हात तसेच घेऊन मागे निघाली.

रविनाच्या अंगणात घोंगडी अंथरली. कर्णा नाही, मृदंग नाही. महाराजांनी टाळ हातात घेतले, प्रतिक्षाकडे पाहिलं आणि परत झोळीत ठेवले. नुसत्या तोंडानं, अगदी हळू, नामाची चाल धरली. आम्ही मागे म्हटली. ऐकायला पडवीतली रविना, पुतळीबाई, सुनिता, चंदा, मी आणि रघुबाबा. मी जन्मात कितीतरी मोठी कीर्तनं ऐकली, दहा दहा हजारांची. पण नाम इतकं जवळून कधी ऐकलं नव्हतं.

चाल संपते न संपते तोच प्रतिक्षा खाटेखालून बाहेर आली.  ती सरळ घोंगडीवर आली, खाली बसली, वाकून लोकरीचा वास घेतला आणि तिथंच आडवी झाली. महाराजांना उभं राहायला एक कोपरा उरला. रघुबाबा कळवळून म्हणाले, "अगं बाय, ती गादी..." महाराज म्हणाले, "राहू द्या बाबा. मला एवढी पुरे."

आणि त्या कोपऱ्यावर एका पायावर भार देऊन उभे राहून ते म्हणाले, "ऐका. तिसऱ्या दिवशी या गादीवरून मी बोललो की तापाच्या गोळीनं मूल असं होतं. ते मी फोनवर पाहिलं होतं. कुणा जाणत्याला विचारलं नव्हतं. ते बोलणं देवाचं नव्हतं, माझं होतं, आणि ते चुकीचं होतं. मी ते परत घेतो."

पडवीतून रविनाचा आवाज आला. कीर्तनात मधे बोलायची आमच्यात रीत नाही, पण ती बोलली. "मग कशानं झाली ती अशी?"

"मला माहीत नाही, ताई."

"डॉक्टरीणबाईला?"

"त्यांनाही सगळं नाही माहीत. काही रक्तातून येतं म्हणाल्या, काही अजून शोधतायत. ज्याला पक्कं माहीत नाही तो मोठ्यानं ओरडून सांगतोय, आणि ज्याला थोडं माहीत आहे तो हळू बोलतोय, म्हणून आपली गल्लत झाली. माझीसुद्धा."

"मी काही केलं नाय?"

महाराज पडवीकडे वळले.  "नाही ताई. तुम्ही ताप आला म्हणून औषध घेतलंत. मूल वाचवायला घेतलंत. ही तुमच्या चुकीनं झालेली नाही. हिला बघा तरी, हिच्यात चूक कुठे दिसते?"

प्रतिक्षा घोंगडीचा एक दोरा ओढत होती. रघुबाबांनी तो ओढू दिला.

"गादीवरून सांगताय ना?" रविनानं विचारलं.

"गादीवरूनच."

तिनं मान वळवून अंगणाच्या कडेला बघितलं. मग म्हणाली, "सुनिताताय."

सुनिता अंगणाच्या कडेला उभी होती, पायरीच्या अलीकडे, सवयीनं.

"तिथं काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी? वर ये. गोळी आण. तुझ्याच हातानं दे."

सुनितानं गोळी दिली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून अशा रडल्या की चंदानंही पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि तिचं तोंड पांढरं झालं. ते बघून पुतळीबाईला हसू फुटलं. मग सगळेच हसलो. जीप पुन्हा बोलावली. रविना चढली, शेजारी सुनिता. दवाखान्यात रक्त तपासलं तर मलेरिया निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन दिवस घरी राहिली असती तर आई आणि बाळ, दोघांचं काही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी महाराजांनी तेच शब्द खळ्यावर, कर्ण्यावरून, सगळ्या पाड्यासमोर पुन्हा सांगितले. काही माणसं उठून गेली. काल्याच्या दिवशी रघुबाबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि पुढच्या वर्षीच्या बोलावण्याचं नारळ-पान तिथंच हातात दिलं.

माघात रविनाला मुलगी झाली. लोक येऊन बाळाच्या डोळ्यांसमोर टिचक्या वाजवून बघतात, ही बघते का, हसते का. रविना सरळ म्हणते, "टिचक्या घरी जाऊन वाजवा. ही कशीही निघू दे, थोरलीला बहीण मिळाली." सुनिता रोज येते, कधी वजन करायला, कधी नुसतीच.

फक्त उमेश महाराजांचं थोडं कठीण झालंय. आजूबाजूच्या गावांत बोललं जातं, जो गादीवरून शब्द फिरवतो तो कसला महाराज. ह्या वर्षी चार ठिकाणची बोलावणी आली नाहीत. ते काही बोलत नाहीत. शाळेत शिकवतात, संध्याकाळी नदीवर जाऊन एकटेच चाली म्हणतात. आता कीर्तनाला उभे राहण्याआधी औषधपाण्याचं काही सांगायचं असेल तर डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारतात, आणि त्या आधी हसतात, मग सांगतात.

म्हणून तुम्हाला मुद्दाम जवळ बसवलं. तुमच्या गावात सप्ताहाची पत्रिका छापायची वेळ येईल, कुणाला बोलवावं यावर मंडळी वाद घालत बसतील, तेव्हा दाभोश्याच्या उमेश महाराजांची आठवण ठेवा. गळा गोड आहे, हे तर सांगाच. आणि कुणी विचारलंच, तर सांगा की चूक झाली तेव्हा त्यांनी गादीवर उभं राहून सांगितलं, आणि उभं राहायला त्यांना कोपराही पुरला.